एडब्ल्यूएक्समध्ये जॉब टेम्प्लेटांचं जंगल झालंय, तुम्ही लोक कसं आवरता?

होटगीरोडवाला

मंडळी नमस्कार. सोलापुरातच एका छोट्या आयटी सपोर्ट कंपनीत आहे. क्लायंट दहा-बारा, म्हणजे चिंचोली आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, दोन पतसंस्था, एक हॉस्पिटल, जिल्ह्यातला एक साखर कारखाना. सगळ्यांचे सर्व्हर आम्ही एकाच एडब्ल्यूएक्सवरनं (अन्सिबल या ऑटोमेशन टूलची कामं ब्राउझरमधनं चालवायचं सॉफ्टवेअर) बघतो.

तर प्रॉब्लेम असाय की जॉब टेम्प्लेटं, म्हणजे एकेक काम चालवायची तयार बटणं, दीडशेच्या घरात गेलीत. खरं काम बघायला गेलं तर सात-आठच प्रकारचं, विंडोज पॅचिंग, बॅकअप, डिस्क साफ करणे, नवीन युजर, सर्व्हिस रिस्टार्ट, एवढंच. पण नवीन क्लायंट आला की कुणीतरी जुनं टेम्प्लेट उघडतं, कॉपी दाबतं, इन्व्हेंटरी (मशिनची यादी) बदलतं, क्रेडेन्शियल (लॉगिन-पासवर्ड) बदलतं आणि सेव्ह. आता यादीत "पॅचिंग फायनल", "पॅचिंग फायनल नवीन" आणि "पॅचिंग @ १०:४२:१७" असली नावं आहेत, ती वेळ एडब्ल्यूएक्सच कॉपी करताना चिकटवतं, पुढं ती काढायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत.

प्रश्न सरळ आहे. एका कामाला एकच टेम्प्लेट ठेवून बाकी सगळं चालवताना विचारायचं, का क्लायंटवार वेगळं टेम्प्लेट ठेवायचं? साहेब म्हणतात चालतंय ना, मग हात कशाला लावतो. पण परवा प्लेबुकमधल्या (काय-काय करायचं ते लिहिलेली अन्सिबलची फाईल) एका व्हेरिएबलचं नाव बदललं तर तेवढ्यासाठी बारा ठिकाणी जाऊन दुरुस्ती करावी लागली, ते बघून डोकं फिरलं.

शेंगाचटणी

धागा धरून ठेवतो. शेवटच्या वर्षाला आहे, अन्सिबल कॉलेजच्या प्रोजेक्टपुरतं केलंय. एक बाळबोध प्रश्न, प्लेबुक असताना वर परत टेम्प्लेट कशाला लागतं?

वायएएमएल_काका

@शेंगाचटणी, प्रश्न बाळबोध नाही. आमच्याकडं पाच वर्षं काम केलेली पोरंसुद्धा यात गडबडतात. प्लेबुक म्हणजे काय करायचं ते. ते कुठल्या मशिनवर, कुठल्या पासवर्डनं, कुठल्या व्हॅल्यू घेऊन, आणि ते चालवायला कोणाला परवानगी, हे सगळं एकत्र बांधतं ते जॉब टेम्प्लेट. शेवटचा मुद्दा लक्षात ठेव, परवानगी. नुसत्या कमांड लाईनवर ज्याच्याकडं लॉगिनची की (चावी) आहे त्याच्याकडं सगळंच आहे. टेम्प्लेटवर एखाद्याला फक्त एक्झिक्यूट दिलं की तो ते चालवू शकतो, पण आतलं क्रेडेन्शियल त्याला ना बघता येतं ना दुसरीकडं वापरता येतं. म्हणून तर लोकांनी टॉवरला (एडब्ल्यूएक्सचं विकत घ्यायचं रूप) पैसे मोजले. (अन्सिबल २०१२ चं, मायकेल डिहानचं. रेड हॅटनं २०१५ मध्ये कंपनी घेतली आणि २०१७ मध्ये टॉवरचा कोड एडब्ल्यूएक्स म्हणून उघडा केला. तोपर्यंत आमच्यासारख्यांनी जेनकिन्स या दुसऱ्या टूलवरच दिवस काढले.)

@होटगीरोडवाला, बाकी चर्चा होत राहील, आधी एक काम कर. कॉपी केलेल्या टेम्प्लेटबरोबर शेड्युल, नोटिफिकेशन आणि परवानग्या येत नाहीत. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय पण वाचतो कोण. तुझी बॅकअपची जेवढी कॉपी टेम्प्लेटं आहेत त्यात फेल झाल्यावर मेल जातो का, ते आजच बघ.

होटगीरोडवाला

काका, बघितलं. हॉस्पिटलच्या बॅकअपला शेड्युल आहे, नोटिफिकेशन नाही. बॅकअप होतोय म्हणून बरं, नाहीतर फेल झाला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. अजून तीन ठिकाणी तेच. लावून टाकलं सगळीकडं, धन्यवाद.

यंत्रमाग

मी उलट बाजूनं बोलतो. दीडशे टेम्प्लेटं ठेवायचं काही कारणच नाही. एका कामाला एक टेम्प्लेट. इन्व्हेंटरी, क्रेडेन्शियल, लिमिट (यादीतल्या कुठल्या मशिनपुरतं ते), सगळ्यापुढं "प्रॉम्प्ट ऑन लाँच" टिक करून टाक. चालवणारा चालवताना निवडेल. आठ कामं, आठ टेम्प्लेटं, विषय संपला.

आणि खरं सांगू का, दहा-बारा क्लायंटला एडब्ल्यूएक्स म्हणजे जरा जडच होतं बे. १८ च्या व्हर्जनपासनं त्याला कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) लागतं, त्यावर ऑपरेटर नावाचा प्रोग्रॅम लागतो. जुलै २०२४ ला २४.६.१ आलं आणि मग त्यांनी रिलीज थांबवून आतली फेरबांधणी काढली. आम्ही त्याऐवजी सेमाफोर हे टूल टाकलंय, गो भाषेतलं एक बायनरी, साध्या व्हीएमवर पळतं. त्यात पण टास्क टेम्प्लेट असतात.

कडकभाकरी

@यंत्रमाग, सेमाफोरचं राहू द्या, त्याला वेगळा धागा काढा. पण "सगळ्यापुढं प्रॉम्प्ट टिक कर" हे सांगणारा माणूस रात्रपाळीला बसत नाही एवढं नक्की.

मी बसते. रात्री अडीचला कारखान्यातनं व्हॉट्सअपवर मेसेज येतो, काट्याचं सॉफ्टवेअर हँग झालंय, गाड्या थांबल्यात, लवकर करा. मी टेम्प्लेट उघडते आणि समोर खिडकी येते, पहिल्या पानावर इन्व्हेंटरी निवडा, त्यात बारा नावं. दुसऱ्या पानावर क्रेडेन्शियल. तिसऱ्यावर लिमिटची रिकामी चौकट, व्हर्बोसिटी, टॅग, आणि खाली एक्स्ट्रा व्हेरिएबलचा मोठा डबा, त्यात आधीच कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय. आता ती लिमिटची चौकट तशीच रिकामी राहिली तर काय होतं? प्लेबुकात होस्ट्स ऑल असेल तर इन्व्हेंटरीतल्या सगळ्या मशिनवर सर्व्हिस रिस्टार्ट होते. फोनवर तिकडचा माणूस "झालं का मॅडम, झालं का मॅडम" करतोय आणि मी त्या डब्यात वायएएमएलमध्ये व्हॅल्यू लिहीत बसू?

मला काय पाहिजे ते सांगते. एक बटण, त्यावर कारखान्याचं नाव आणि "काटा सर्व्हिस रिस्टार्ट". दाबल्यावर एकच प्रश्न, कुठला काटा, १ का २, तो पण यादीतनं निवडायचा, टाइप करायचा नाही. बास.

यंत्रमाग

ताई, पण इन्व्हेंटरी निवडायची यादी त्या युजरच्या परवानगीनुसारच दिसते की. ज्या इन्व्हेंटरीवर यूज परवानगी आहे तेवढीच निवडता येते. मग एकाच टेम्प्लेटमध्ये भीती कसली?

कडकभाकरी

दिवसा ज्याच्याकडं एकच क्लायंट आहे त्याला भीती नाहीच. रात्री बाराच्या बारा माझ्याकडं असतात, म्हणजे यूज पण बाराच्या बारांवर. आणि प्रॉम्प्टनं क्रेडेन्शियल निवडायचं म्हटलं की त्यावर पण यूज द्यावं लागतं, म्हणजे काकांनी वर जो फायदा सांगितला, की चालवणाऱ्याच्या हातात की द्यायलाच लागत नाही, तो अर्धा गेला.

वायएएमएल_काका

+१ ताईंना.

यंत्रमागचं म्हणणं लिहिणाऱ्याच्या बाजूनं बरोबर आहे, ताईंचं चालवणाऱ्याच्या बाजूनं. भांडण होतंय कारण दोघांना एकाच टेम्प्लेटमध्ये बसवायला बघताय. मी सांगतो कसं वेगळं करायचं, पण त्याच्या आधी एक्स्ट्रा व्हेरिएबलबद्दल दोन शब्द, कारण कॉपी-कॉपीच्या खेळात खरा त्रास तिथं होतो.

अन्सिबलमध्ये व्हेरिएबल बावीस प्रकारच्या जागी लिहिता येतं आणि त्यात सगळ्यात वरचढ एक्स्ट्रा व्हेरिएबल. टेम्प्लेटवर तिथं जे लिहिलं ते इन्व्हेंटरीतलं, ग्रुप व्हार्समधलं (मशिनच्या गटासाठी लिहिलेल्या व्हॅल्यू), रोलमधलं सगळं दाबून टाकतं, आणि काही आवाज न करता. मी एका कारखान्याचं बघितलेलं उदाहरण देतो, नाव नाही सांगत. गळीत हंगाम चालू असताना सर्व्हर रीबूट करायचा नाही असं ठरलेलं, म्हणून तिथल्या माणसानं ग्रुप व्हार्समध्ये रीबूटची परवानगी "नाही" करून ठेवली. अगदी बरोबर जागी. पण टेम्प्लेट कॉपी झालं होतं एका ऑफिसवाल्या क्लायंटचं, त्यात एक्स्ट्रा व्हेरिएबलमध्ये तीच परवानगी "हो" म्हणून पडलेली. विंडोज अपडेट्सच्या मॉड्यूलमध्ये रीबूट मुळात बंदच असतं, ते चालू केलं तरच होतं, म्हणजे मॉड्यूलची चूक नाही, ग्रुप व्हार्सची पण नाही. पॅच बसले, सर्व्हर रीबूट, ऊस भरलेले ट्रॅक्टर काट्याबाहेर. मग दोन दिवस सगळे ग्रुप व्हार्सची फाईल उघडून बघायचे आणि म्हणायचे, अरे इथं तर "नाही" लिहिलंय.

म्हणून माझा नियम असा, क्लायंटनुसार बदलणारी गोष्ट इन्व्हेंटरीत. टेम्प्लेटवरचा एक्स्ट्रा व्हेरिएबलचा डबा रिकामा. त्यात काही दिसलं की मी आधी संशयानंच बघतो.

होटगीरोडवाला

काका आमच्या एकूण एक टेम्प्लेटच्या डब्यात काहीतरी आहे 😐 बॅकअपचा पाथ, मेलचा पत्ता, काय काय. ते सगळं ग्रुप व्हार्समध्ये हलवायचं म्हणजे आठवडा गेला. असू दे. ते वेगळं करायचं म्हणालात ते सांगा.

वायएएमएल_काका

दोन थर करायचे.

खाली मूळ जॉब टेम्प्लेट, कामाला एक. यंत्रमाग म्हणतो तसंच, इन्व्हेंटरी, क्रेडेन्शियल आणि लिमिट प्रॉम्प्टवर. पण यावर एक्झिक्यूट फक्त तुम्हा दोघा-तिघा ॲडमिनना. रात्रपाळीला हे यादीत दिसतसुद्धा नाही.

वर क्लायंटवार वर्कफ्लो टेम्प्लेट (टेम्प्लेटं एकापुढं एक जोडायची साखळी), आत एकच नोड, म्हणजे एकच पायरी. हे लोकांना माहीतच नसतं, वर्कफ्लो म्हटलं की दहा चौकोन आणि बाण असंच डोळ्यापुढं येतं. एका नोडचा वर्कफ्लो चालतो की. नोड जोडताना मूळ टेम्प्लेटचे प्रॉम्प्ट तुम्हाला विचारले जातात आणि तुम्ही दिलेलं उत्तर, म्हणजे कारखान्याची इन्व्हेंटरी, कारखान्याचं क्रेडेन्शियल, त्या नोडमध्येच साठून राहतं. वर्कफ्लोला सर्व्हे (चालवताना विचारायचे प्रश्न) लावा, मल्टिपल चॉइस, काटा १, काटा २. ताईंना फक्त या वर्कफ्लोवर एक्झिक्यूट. त्यांना इन्व्हेंटरीवर यूज नको, क्रेडेन्शियलवर नको, मूळ टेम्प्लेटवर पण काही नको. ताईंचं एक बटण झालं आणि प्लेबुक बदललं तर दुरुस्ती एकाच जागी.

धोक्याच्या कामाला, समजा हंगामातला रीबूट, पुढं अप्रूव्हल नोड टाकायचा, मोठ्या साहेबांनी हो म्हटल्याशिवाय गाडी पुढं जात नाही. त्याला टाइमआउट द्या नाहीतर साहेब गड्ड्याच्या यात्रेत फिरायला गेले तर वर्कफ्लो तसाच लटकून राहील.

शेंगाचटणी

साहेब गड्ड्यात पाळण्यात बसून अप्रूव्ह करायलेत असं डोळ्यापुढं आलं 😂

पण काका, असे वर्कफ्लो केले तर बारा क्लायंट गुणिले आठ कामं, शंभराच्या आसपास वर्कफ्लो झाले की परत. जंगल तेच, झाडं बदलली.

वायएएमएल_काका

पोरगा हुशार आहे.

तीन गोष्टी. एक, सगळी कामं सगळ्यांना लागत नाहीत. युजर तयार करणं ॲडमिनच करतात, त्याला वर्कफ्लो कशाला, मूळ टेम्प्लेट प्रॉम्प्टनं चालवा. बटण फक्त जिथं दुसरा कुणीतरी दाबणार आहे तिथं.

दोन, जे वेळापत्रकानं चालतं त्याला वर्कफ्लो पण लागत नाही. शेड्युलमध्येसुद्धा प्रॉम्प्टची उत्तरं साठवता येतात. म्हणजे बॅकअपचं मूळ टेम्प्लेट एक, त्याला बारा शेड्युल, प्रत्येकात वेगळी इन्व्हेंटरी. टेम्प्लेटच्या यादीत एकच ओळ दिसते.

तीन, उरलेले हातानं करायचेच नाहीत, त्यावर नंतर लिहितो, आता जेवायला बोलावणं आलंय.

यंत्रमाग

शेड्युलवाल्या आयडियाला एक खोड आहे, काका जेवून यायच्या आत लिहितो. एकाच टेम्प्लेटचे दोन जॉब एकाच वेळी चालत नाहीत, जोपर्यंत "कॉन्करंट जॉब्स" टिक करत नाही. ते मुळात बंद असतं. आत्ता होटगीरोडवाल्याची बारा टेम्प्लेटं रात्री एकला एकदम सुटत असतील. एकाच टेम्प्लेटवर आणली की एक चालणार आणि अकरा पेंडिंगमध्ये उभे, शेवटच्याचा नंबर यायला सकाळ. मग हा इथं येऊन म्हणणार काकांनी सांगितलं म्हणून बॅकअप राहिला.

आणि टिक केलं की मग कपॅसिटी बघ. सीपीयूच्या हिशोबानं एका कोरला ४ फोर्क (एकाच वेळी हाताळायची मशिनं) आणि मेमरीच्या हिशोबानं एका फोर्कला १०० एमबी धरतात. चार कोरचं मशिन असेल तर सीपीयूकडनं १६ वरच आलं. बारा जॉब, प्रत्येकी ५ फोर्क, बसत नाहीत. मग वेळा थोड्या मागं-पुढं करायच्या.

होटगीरोडवाला

चार कोरचंच आहे. बघतो मग, पतसंस्था अकराला, टॉवेलवाले एकला, असं काहीतरी.

कडकभाकरी

वेळा लावताना टाइम झोन बघा हो. आमच्याकडं एका शेड्युलला यूटीसी राहिला होता. पहाटे २ म्हणून लावलेलं सकाळी साडेसातला सुरू व्हायचं, ऑफिस उघडायच्या तोंडावर. एशिया कोलकाता निवडायचं, दर वेळी.

वायएएमएल_काका

आलो. यंत्रमागचं कॉन्करंटचं बरोबर आहे, मी लिहायला पाहिजे होतं.

तिसरा मुद्दा. टेम्प्लेटं, वर्कफ्लो, शेड्युल, सर्व्हे, हे सगळं यूआयमध्ये क्लिक करून बनवायचं बंद. अन्सिबलचंच एक कलेक्शन आहे, एडब्ल्यूएक्स डॉट एडब्ल्यूएक्स, त्यात जॉब टेम्प्लेट, वर्कफ्लो, शेड्युल, क्रेडेन्शियल, सगळ्याला मॉड्यूल आहे. एक वायएएमएल फाईल करायची, त्यात क्लायंटची यादी, प्रत्येकापुढं कुठली कामं लागतात ते. एक प्लेबुक ती यादी वाचून लूप मारतं आणि एडब्ल्यूएक्समध्ये जे नाही ते तयार करतं, जे वेगळं आहे ते सारखं करतं. नवीन क्लायंट म्हणजे यादीत पाच-सहा ओळी. मग शंभर वर्कफ्लो असले तरी आकडा त्रास देत नाही, कारण सांभाळायची ती एक फाईल. गिटमध्ये (फाईलींच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ठेवली की कुणी कधी काय बदललं ते पण दिसतं. यूआयमधल्या कॉपी बटणाला असं काही रेकॉर्ड नाही.

सध्याचं बाहेर काढायला एडब्ल्यूएक्सची कमांड लाईन आहे, तिच्या एक्सपोर्टनं सगळं एका फाईलीत येतं. पासवर्ड मात्र येत नाहीत, ते परत भरायला लागतात, आणि ते तसंच पाहिजे.

दोन ठिकाणी लोक अडकतात. यादीतनं ओळ काढली म्हणून एडब्ल्यूएक्समधलं टेम्प्लेट जात नाही, स्टेट ॲबसेंट असं लिहून एकदा चालवावं लागतं तेव्हा जातं. आणि कुणी यूआयमध्ये जाऊन हातानं बदल केला तर पुढच्या रनला तो पुसला जातो. त्यावरनं ऑफिसात एकदा तरी भांडण होणार, तयारी ठेव.

होटगीरोडवाला

भांडण आमच्याकडं साहेबांशीच होणार, त्यांनाच यूआयमध्ये जाऊन नावं बदलायची सवय आहे. सांगून बघतो, नाही ऐकलं तर ॲडमिन काढून घेतो (हे त्यांना कुणी सांगू नका).

आज सुरुवात केली. डिस्क साफ करायचं काम धरलं, सगळ्यात कमी धोक्याचं. अकरा टेम्प्लेटं होती, त्यातल्या नऊंत एक्स्ट्रा व्हेरिएबल सोडले तर काहीच फरक नव्हता. व्हॅल्यू ग्रुप व्हार्समध्ये टाकल्या, मूळ टेम्प्लेट केलं, आणि जॉब टाइप "चेक" (प्रत्यक्ष बदल न करता नुसती चाचणी) ठेवून एका टॉवेलवाल्यावर चालवलं, जुन्याचं आणि नव्याचं आउटपुट शेजारी ठेवून बघितलं, सारखं आलं. उरलेल्या दोनांत कुणीतरी गिटमधली वेगळीच ब्रँच (कोडची वेगळी प्रत) लावून ठेवलीय, प्रोजेक्टवर ब्रँच ओव्हरराइड चालू होतं म्हणून जमलं असणार. ती ब्रँच कुणाची ते ऑफिसात कुणालाच आठवत नाही.

आता एक अडचण. कारखान्याच्या ईआरपीवाल्यांनी आमचं एक टेम्प्लेट एपीआयनं जोडलंय, त्यांच्या सॉफ्टवेअरमधनं दाबलं की रिपोर्ट सर्व्हरची सर्व्हिस रिस्टार्ट होते. मी ते टेम्प्लेट उडवून नवीन केलं तर त्यांचं तुटणार का?

वायएएमएल_काका

त्यांच्या यूआरएलमध्ये आकडा असेल तर तुटणार. टेम्प्लेट उडवलं की त्याचा आयडी गेला, नवीन केलं तर नवीन आयडी, नाव तेच ठेवलं तरी. शेड्युल पण जातात बरोबर. त्यामुळं जे बाहेरनं कुणीतरी वापरतंय ते उडवू नको, त्याचंच नाव बदल आणि त्यालाच मूळ टेम्प्लेट कर, आयडी तोच राहतो. त्यांनी आकड्याऐवजी नावाची यूआरएल वापरली असेल तर मात्र उलटं, नाव बदललं की तुटणार. आधी विचारून घे.

आणखी एक, ते लोक व्हेरिएबल पाठवतात का ते बघ. टेम्प्लेटवर व्हेरिएबलचा प्रॉम्प्ट बंद असेल आणि सर्व्हेत पण ते नाव नसेल तर एडब्ल्यूएक्स ती व्हॅल्यू टाकून देतं आणि जॉब खुशाल चालवतं. एरर येत नाही, उत्तरात इग्नोर्ड फील्ड्सखाली पडलेली असते. समोरच्याला वाटतं आपण काटा २ म्हणालो, चालतं दुसरंच काहीतरी.

होटगीरोडवाला

विचारलं, आकडाच आहे. मग तेच ठेवून नाव बदलतो. व्हेरिएबल ते एकच पाठवतात, सर्व्हिसचं नाव, ते मी सर्व्हेत मल्टिपल चॉइस करून टाकतो म्हणजे तिसरंच काही चालणार नाही.

कडकभाकरी

नावं बदलायलाच लागलाय तर माझं पण ऐका. क्लायंटचं नाव पुढं, काम मागं. "कारखाना, काटा सर्व्हिस रिस्टार्ट" असं. "रिस्टार्ट" पुढं ठेवलं तर मोबाईलवर यादी बघताना बाराच्या बारा ओळी सारख्याच दिसतात, शेवट कापला जातो. आणि लेबल लावा, "रात्रपाळी" म्हणून एक, मी त्यावर फिल्टर मारून ठेवीन.

होटगीरोडवाला

लावतो ताई. उद्या डिस्कवाल्याचे वर्कफ्लो तयार होतील, तुमच्यासारखी आमच्याकडं रात्रपाळीला दोन पोरं आहेत, त्यांना आधी दाबायला देतो आणि काय म्हणतात ते इथं टाकतो.